सहलीसाठी कॅमेरा निवडताना : माझी चूक आणि त्यातून आलेलं शहाणपण



पावसाळा सुरू झाला की परिसरभेटींचं नियोजन सुरू होतं आणि मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, सहलीला न्यायला छोटा कॅमेरा कोणता घेऊ?" मी काही फोटोग्राफर नाही. डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका आहे. पण एक कॅमेरा चुकीचा घेतला आणि दुसरा बऱ्यापैकी बरोबर घेतला, एवढा अनुभव माझ्या गाठीशी आहे. तोच आज सांगते.

आधी चूक सांगते.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. काही वर्षांपूर्वी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून मी एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या : मेगापिक्सेल किती आणि झूम किती. दुकानदारानेही तेच दोन आकडे सांगितले. २० मेगापिक्सेल आणि लांबलचक झूम! मी खूश.

सप्टेंबरमध्ये तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन आम्ही सौताड्याला गेलो. विंचरणा नदी तिथे खोल दरीत कोसळते, खाली रामेश्वराचं मंदिर आहे. मुलं हरखून गेली होती. मी झूम करून धबधब्याचे फोटो काढत होते. तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी जवळ आली. वर्गात फारशी बोलत नाही ती. हळूच म्हणाली, "मॅडम, मी काढू का एक फोटो?"

मी म्हणाले, "नको गं, हात नको लावू. महागाचा आहे."

ती गप्प मागे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने भुरभुर सुरू झाली. कॅमेरा भिजेल म्हणून मी तो पिशवीत गुंडाळून ठेवला. खरी मजा त्यानंतरच सुरू झाली. मुलं पावसात नाचली, चिखलात घसरली, एकमेकांच्या डोक्यावर पळसाची पानं धरून भाकरी खाल्ली. यातलं काहीच माझ्या कॅमेऱ्यात नाही. माझ्याकडे आहेत ते धबधब्याचे फोटो आणि रांगेत ताठ उभी राहिलेली मुलं.

दिवाळीनंतर त्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेले. घरी सांभाळायला आजी नव्हती, म्हणून तीही गेली. आमच्याकडे हे दरवर्षीचंच आहे. टोळी निघाली की वर्गातले बाक रिकामे होतात. महिन्याभराने फडावरून तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरगी लई मागं लागलीय. सहलीतला तिचा फोटो असंल तर पाठवा ना."

मी सगळे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. १४० फोटो होते. ती फक्त दोनांत होती. एकात पाठमोरी, दुसऱ्यात कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा चेहरा. तोच अर्धा चेहरा मी कापून, मोठा करून पाठवला. पाठवताना लाज वाटली.

पुढे जानेवारीत त्या कॅमेऱ्याची बाहेर येणारी लेन्स धुळीने अडकली. चालू केला की करकर आवाज यायचा आणि पडद्यावर लेन्सची चूक दाखवायची. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी तो कपाटात ठेवून दिला.

खरं सांगू का? त्या कॅमेऱ्यात वाईट काही नव्हतं. कॅमेरा कुठे जाणार आहे आणि तो कुणाच्या हातात असणार आहे, हे मी घेताना विचारातच घेतलं नव्हतं. म्हणून आता कुणी विचारलं, की मी उलटे प्रश्न विचारते. तुम्ही पावसात जाणार का? धुळीत जाणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तो मुलांच्या हातात देणार का?

"मोबाईल असताना कॅमेरा कशाला?" असंही पालक विचारतात. प्रश्न बरोबर आहे. मोठ्यांनी फोटो काढायचे असतील तर मोबाईल पुरतो. पण सहलीत माझा मोबाईल म्हणजे पालकांशी आणि गाडीवाल्याशी बोलायचं साधन असतं. दुपारी त्याची बॅटरी संपून चालत नाही. शिवाय माझे बँकेचे मेसेज, घरचे फोटो असलेला मोबाईल मी तीस मुलांत फिरवू शकत नाही. कॅमेऱ्यात फक्त कॅमेराच असतो, हाच त्याचा मोठा गुण!

आता निवडीकडे येऊ.

पहिली गोष्ट मेगापिक्सेलची. इथे गणिताच्या तासाला उपयोगी पडेल असा हिशेब आहे. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके धरतात. ६ बाय ४ इंचाच्या फोटोला १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. भित्तिपत्रकासाठी ए-फोर आकाराचा फोटो हवा असेल तर साधारण ८७ लाख. १२ मेगापिक्सेल म्हणजे १ कोटी २० लाख. म्हणजे आपल्या शाळेच्या कामाला १२ भरपूर झाले. २० साठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

त्यापेक्षा सेन्सर महत्त्वाचा. कॅमेऱ्यात ज्या चिपवर प्रकाश पडतो तो सेन्सर. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत तो जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. काही महागड्या छोट्या कॅमेऱ्यांत 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर असतो. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास चौपट. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर परातीत जास्त पाणी जमतं ना, तसंच हे. पहाटे किल्ल्यावर किंवा दाट झाडीत मोठा सेन्सर फोटो स्वच्छ देतो. तुम्ही एकटे किंवा मोठ्या माणसांसोबत ट्रेकला जात असाल तर सोनीच्या आरएक्स-१०० मालिकेसारखा कॅमेरा जरूर बघा. पण त्याची लेन्स बाहेर येते, धुळीपासून आणि पावसापासून तो जपावा लागतो.

झूमचं म्हणाल तर ऑप्टिकल झूम तेवढा मोजा. डिजिटल झूम म्हणजे काढलेलाच फोटो कापून मोठा करणं. ते घरी बसूनही करता येतं. नायगावच्या अभयारण्यात मोर टिपायचे असतील तर लांब झूम हवाच. पण जेवढा झूम लांब, तेवढा हात हलल्याचा परिणाम जास्त. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात लांब झूम दिला की बहुतेक फोटो हलतात.

आणि मुलांच्या हातात द्यायचा असेल तर मजबूत, पाण्यात चालणारा कॅमेराच घ्या. मी मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यात ओळखीतून वापरलेला ऑलिम्पस टफ टीजी-६ घेतला. हे मॉडेल २०१९ चं. १२ मेगापिक्सेल आणि ४ पट ऑप्टिकल झूम. लेन्स बाहेर येत नाही, आतल्या आत सरकते, त्यामुळे धुळीने अडकायची भीती नाही. कंपनीच्या माहितीनुसार तो १५ मीटर खोल पाण्यात आणि २.१ मीटरवरून पडण्यात टिकतो. वजन पाव किलोच्या आसपास. मोबाईलच्या पॉवर बँकवर चार्ज होतो. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अगदी १ सेंटिमीटरवरून लहान वस्तूचा फोटो काढता येतो. फूल, मुंगी, गवताचं तुरं. डोंगर सगळ्यांनाच दिसतो. मुलं मात्र खाली वाकून बारीकसारीक बघत असतात.

त्याचे तोटेही सांगते. सेन्सर लहान असल्याने संध्याकाळी फोटो दाणेदार येतात. डोळा लावून बघायची खिडकी नाही, त्यामुळे भर उन्हात पडदा नीट दिसत नाही. आणि वापरलेला कॅमेरा घेतला तर तो पाण्यात बुडवू नका. बॅटरीच्या झाकणाचं रबर जुनं होतं. त्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस जरी अडकला तरी पाणी आत शिरतं. मी पावसात वापरते, ओढ्यात बुडवत नाही. सहलीहून आल्यावर झाकण घट्ट असल्याची खात्री करून ओल्या फडक्याने पुसते आणि सुकला की मगच झाकण उघडते.

दोरी मात्र विसरू नका. आमच्या वर्गाचा नियम असा आहे : आधी दोरी मनगटात, मग कॅमेरा हातात. दरीच्या कडेला, पाण्याजवळ कॅमेरा कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. प्रत्येकाला पाच फोटो. पाखरांच्या घरट्याजवळ जायचं नाही. आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो आपण कुठेही टाकायचे नाहीत, हा नियम आपल्या मोठ्यांसाठी.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी फडावरून परत आली होती, आता चौथीत. पहिला चांगला पाऊस झाल्यावर आम्ही शाळेमागच्या माळावर गेलो. मी कॅमेरा सगळ्यांत आधी तिच्या मनगटात अडकवला. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "पडला तर?"

"पडू दे," मी म्हणाले.

तिने पाचही फोटो एकाच गोष्टीचे काढले. मृगाच्या किड्याचे. तोच तो लाल मखमली, पहिल्या पावसानंतर मातीतून बाहेर येतो. वर्गात आल्यावर आम्ही फोटो मोठा करून पाहिला. ती बोटाने मोजत होती. पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "मॅडम, किड्याला सहा पाय असतात ना? ह्याला तर आठ हायेत."

अख्खा वर्ग पुढे सरकला. सगळ्यांनी मोजले. आठच! मग मी सांगितलं, की नाव मृगाचा किडा असलं तरी तो कीटक नाही, कोळ्याच्या आणि विंचवाच्या जवळचा आहे. मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत होते, 'कीटकांना सहा पाय असतात'. यंदा ते मुलांनी स्वतः शोधलं, आणि तेही वर्गात न बोलणाऱ्या मुलीच्या फोटोतून.

त्या दिवशी तिचाही एक फोटो मी काढला. गुडघे मातीत, केस भिजलेले, डोळा किड्यावर. पूर्ण चेहरा. दिवाळीआधी त्याची प्रिंट काढून तिच्या वहीत ठेवणार आहे. फडावर जाताना सोबत असू दे.

तेव्हा कॅमेरा घ्यायला दुकानात जाल तेव्हा आकडे जरूर विचारा. पण तो हातात धरून स्वतःलाही एक प्रश्न विचारा : हा मी माझ्या वर्गातल्या सगळ्यात धांदरट मुलाच्या हातात निर्धास्तपणे देऊ शकेन का? उत्तर 'हो' आलं तर तो आपल्या कामाचा.

तुम्ही सहलीला कोणता कॅमेरा वापरता, मुलांनी त्यातून काय टिपलं, तेही जरूर कळवा. वाट बघते.