आधी अडू द्या, मग कपाट दाखवा

पेण-रोह्याच्या पट्ट्यात बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्या मुलामुलींना ग्रंथालयाची ओळख करून देण्याचं काम मी करत आलो आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ही ओळख प्रवेशाच्या धांदलीत, ओळखपत्र, नियम आणि दंड या क्रमाने करून देण्यात फारसा अर्थ नाही. ती गणपती झाल्यावर करावी. याचं एक कारण अगदी इथलं आहे. हमरापूर, जोहे आणि खुद्द पेण शहरात ज्यांच्या घरी गणपतीचे कारखाने आहेत, त्या मुलांचे चतुर्थीपर्यंतचे दिवस रंगकामात आणि आखणीत जातात. तेव्हा दिलेली माहिती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पण खरं कारण गणिताचं आहे. सुरुवातीला विद्यार्थ्याकडे प्रश्नच नसतो. बारावीपर्यंत गणित म्हणजे सूत्र आणि त्यावरची उदाहरणं. पदवीच्या वर्गात अचानक व्याख्या आणि सिद्धता समोर येतात, एप्सिलॉन-डेल्टा फळ्यावर येऊन जातो, वहीत उतरतो आणि डोक्यात मात्र शिरत नाही. गणपती विसर्जनानंतर वर्गात परतलेल्या मुलाला नेमकं काय कळत नाही हे बोटाने दाखवता येतं. ग्रंथालय दाखवायची वेळ ती.

दाखवायचं काय, तर एकाच विषयावरची तीन पुस्तकं शेजारी-शेजारी. आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत ड्युई पद्धतीने मांडणी असते: गणित 510, त्यात बीजगणित 512 आणि विश्लेषण 515. हे तीन आकडे पहिल्या वर्षाला पुरतात. मग गट ही संकल्पना अडलेल्या मुलीसमोर गॅलियन, आर्टिन आणि हर्स्टाइन ठेवायचे. गॅलियन चौरसाच्या सममितींपासून सुरुवात करतो, आर्टिन मॅट्रिक्सपासून, हर्स्टाइन थोडी पूर्वतयारी करून सरळ गटांवर येतो. विषय तोच, पण आत शिरायच्या वाटा तीन, आणि आपल्याला कुठली जमते हे तिचं तिला ठरवता येतं. वास्तव संख्यांचंही तसंच. बार्टल आणि शेरबर्ट पूर्णतेचा गुणधर्म गृहीत धरून पुढे जातात. रुडिन पहिल्या प्रकरणाच्या पुरवणीत परिमेय संख्यांपासून वास्तव संख्या बांधून दाखवतो. मुंबई आयआयटीतल्या सुधीर घोरपडे आणि बाळमोहन लिमये यांचं कलन आणि विश्लेषणावरचं 2006 सालचं पुस्तक याच कपाटात असावं असा माझा आग्रह असतो, कारण शाळेतल्या कलनाकडून काटेकोर सिद्धतेकडे जाण्याचा रस्ता त्यात नीट बांधलेला आहे. दुसरं पुस्तक उघडण्याची सवय लागली, की पुस्तकाच्या शेवटची सूची कशी वापरायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप परीक्षेचा. नोट्स आणि गाईडवर उत्तीर्ण होता येत असताना तीन पुस्तकं कशाला? लोक रामानुजनचं उदाहरण देतात, आणि ते खरंच अडचणीचं आहे. 1903च्या सुमारास कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयातलं जे पुस्तक त्याच्या हाती लागलं, ते कार नावाच्या शिकवणी घेणाऱ्या माणसाने केंब्रिजच्या परीक्षार्थींसाठी केलेलं संकलन होतं, म्हणजे एका अर्थी गाईडच. फरक इतकाच, की कारने हजारो निष्कर्ष दिले आणि सिद्धता बहुतेक ठिकाणी गाळल्या किंवा नुसत्या सुचवल्या. त्या रामानुजनने स्वतः शोधल्या. आजची गाईडं नेमकं उलटं करतात: तयार सिद्धता देतात आणि विद्यार्थ्याला करायला काही ठेवत नाहीत. तेव्हा गाईडशी माझं भांडण नाही, त्यातल्या तयार मालाशी आहे.

दुसरा आक्षेप मोबाईलचा, आणि तो जास्त वजनदार आहे. धाटाव एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या बापाच्या घरात अभ्यासाला कोपरा नसतो, पण फोन असतो. त्यावर व्याख्यानं चांगली आणि फुकट मिळतात. हे मी मान्य करतो. नॅशनल डिजिटल लायब्ररीचं खातं काढून देणं हा मी ओळखीचाच भाग मानतो. पण शोधायला शब्द माहीत असावा लागतो, आणि नवख्याला नेमका तोच माहीत नसतो. कपाटासमोर उभं राहिलं की शेजारचं पुस्तक न शोधता हाती लागतं. शिवाय त्या घरातल्या मुलाला वाचनकक्षातली खुर्ची व्हिडिओपेक्षा जास्त हवी असते, हे विसरलं जातं.

इंग्रजीची भीती सांगितली जाते तितकी खोल नाही, असं मला वाटतं. गणिताच्या पुस्तकातलं इंग्रजी थोडक्या ठरावीक वाक्यरचनांचं असतं; महिनाभरात सराव होतो. जुन्या आवृत्त्यांची तक्रार तर मी ऐकूनच घेत नाही. हार्डीचं शुद्ध गणितावरचं पाठ्यपुस्तक 1908 साली आलं आणि अजून वाचलं जातं. रसायनशास्त्राच्या त्या काळच्या पाठ्यपुस्तकाबद्दल हे म्हणता येईल का?

खरी अडचण वेगळीच आहे: अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला कपाटापर्यंत जाऊच देत नाहीत. चिठ्ठीवर नाव लिहा, शिपाई पुस्तक आणून देईल. ज्याला नावच माहीत नाही त्याने काय लिहायचं? ग्रंथपालांचं म्हणणं असं, की पुस्तकं गहाळ झाली तर जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि ती भीती खोटी नाही. तरीही भारतात मुक्त प्रवेशाचा सर्वांत जोरकस पुरस्कार ज्यांनी केला ते रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी गणिताचे प्राध्यापक होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. सगळं ग्रंथालय खुलं करू नका. 510चं एक कपाट करा, दुपारी दोन तास, शिक्षक हजर असताना.

एवढं झाल्यावर विद्यापीठाचं ग्रंथालय. मुंबई विद्यापीठाचं कलिनाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय रोह्याहून मेमूने दिव्यापर्यंत, मग लोकलने कुर्ला आणि पुढे बस, इतकं दूर आहे. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलाला नुसतं पाहायला तिथे नेणं मला पटत नाही. लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ रोह्याहून कितीतरी जवळ. तिथला भर अभियांत्रिकीवर असणार, पण अवकल समीकरणं आणि संख्यात्मक पद्धती यांसाठी ते आधी विचारून पाहावं. दोन्हीकडे जाण्यापूर्वी बाहेरच्या विद्यार्थ्याला बसून वाचू देतात का, महाविद्यालयाचं पत्र लागतं का, हे फोनवर विचारून घ्यावं. सोबत लेखक, पुस्तक आणि प्रकरण लिहिलेला कागद हवा, आणि त्याच्या मागच्या बाजूला परतीच्या गाड्यांच्या वेळा.