लेक म्हणते, मला शेफ व्हायचंय!

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांना काही तोटा नसतो. इंजिनिअरिंगला कुठे घालावं, नर्सिंगला कुठे अर्ज करावा, हे शेजारच्या आजोबांनाही तोंडपाठ असतं. पण मुलगी म्हणाली, "मला शेफ व्हायचंय," की सगळे एकदम गप्प! आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, "अगं, त्याला शाळा कशाला? आईकडून शीक की!"

आमच्याकडे नेमकं हेच झालं. मी गेली अठरा वर्षं नाशकात जेवणाचे डबे करते. सातपूरच्या कारखान्यांतली माणसं, गंगापूर रोडवरचे विद्यार्थी, दोन-तीन एकट्या राहणाऱ्या आजी, असे रोजचे साठ डबे. त्यांतून घर चाललं आणि चार पैसे शिल्लकही पडले. ते मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले. आमचे हे म्हणाले, "जन्मभर पोळ्या लाटून साठवलेले पैसे पुन्हा पोळ्या लाटायला शिकण्यात घालायचे?" बोलणं मला लागलं, पण त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. पैसे एकदाच भरता येणार होते. निवड चुकली तर दुसऱ्यांदा भरायला काही नव्हतं.

म्हणून आधी स्वतःलाच विचारलं, की मी जे शिकवू शकत नाही असं शाळा काय शिकवणार? उत्तर माझ्याच ओट्यावर सापडलं. माझ्या आमटीला चिंच किती लागते ते माझ्या हाताला ठाऊक आहे. वजनात विचाराल तर सांगता यायचं नाही. हॉटेलच्या स्वयंपाकात मात्र प्रत्येक पदार्थाचं प्रमाण ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, एका ताटाचा खर्च पैशापर्यंत काढलेला असतं आणि आचारी बदलला तरी चव बदलून चालत नाही. कच्चं-शिजलेलं कुठे वेगळं ठेवायचं, उरलेला भात किती वेळात गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे, वीस माणसं एकाच वेळी काम करताना सुरी कशी धरायची, हे सगळं शास्त्र आहे. आईचा हात आणि हे शास्त्र, दोन्ही मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि एक मौज सांगू? ही शास्त्राची दारं उघडली ती बायकांनीच. पॅरिसची जगप्रसिद्ध 'ल कॉर्दों ब्ल्यू' ही पाकशाळा 1895 साली मार्थ दिस्तेल या पत्रकार बाईंच्या पाककृतींच्या मासिकातून निघाली. अमेरिकेत पाककला घरोघरी पोचवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड 1949 मध्ये तिथे शिकायला गेल्या, तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. आपल्याकडे मुंबईची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था, जी आज दादरला आहे, ती 1954 साली सुरू झाली ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, बायकांच्याच अन्न परिषदेतर्फे. तरीही मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यात आजही पुरुषच जास्त दिसतात. घरचं रांधणं बायकांचं आणि पगाराचं रांधणं पुरुषांचं, असा हा न्याय!

आता मुख्य मुद्दा. 'हॉटेल मॅनेजमेंट' आणि 'शेफचं शिक्षण' ही दोन नावं आपण एकाच अर्थाने वापरतो, पण तसं नाही. हॉटेल मॅनेजमेंटमध्ये चार खाती शिकवतात: स्वयंपाक, वाढप, स्वागतकक्ष आणि हाउसकीपिंग. ज्या मुलीला फक्त शेगडीपाशीच उभं राहायचंय, तिला खोल्यांच्या चादरीही शिकाव्या लागतात. पण उद्या पाठ धरली, मन बदललं, तर दुसरं दार उघडं राहतं, हा त्याचा फायदा. याउलट 'कलिनरी आर्ट्स'ची पदवी म्हणजे मुख्यतः स्वयंपाकच. तिरुपती आणि नोएडा इथे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूट आहे. मणिपाल, पुण्याची सिंबायोसिस अशा खासगी संस्थाही आहेत.

हॉटेल मॅनेजमेंटचे रस्ते साधारण दोन. दादर, गोव्याचं पर्वरी अशा केंद्रीय संस्थांची तीन वर्षांची बी.एस्सी.; त्यासाठी देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा असते. बारावी कुठल्याही शाखेची चालते, फक्त इंग्रजी विषय हवा. दुसरा रस्ता राज्याच्या सीईटीचा, चार वर्षांच्या बी.एच.एम.सी.टी.चा, पुण्यात राज्य सरकारची संस्था आहे. ज्यांना इतकी वर्षं थांबणं परवडत नाही, त्यांच्यासाठी फूड प्रॉडक्शनचा दीड वर्षाचा डिप्लोमा आहे, आय.टी.आय.चा एक वर्षाचा कोर्स आहे. काम सांभाळून शिकायचं असेल तर आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका जरूर चाळावी. लहान कोर्स म्हणजे कमी प्रतीचा, असं मुळीच नाही. भटारखान्यात सुरुवात सगळ्यांचीच कांदे सोलण्यापासून होते.

मी आणि लेक पाच ठिकाणी जाऊन आलो. एका संस्थेत (नाव नको) आम्हाला गुळगुळीत पुस्तक दिलं, गार सरबत दिलं आणि काचेतून स्वयंपाकघर दाखवलं. इतकं चकचकीत, की मला संशय आला. कढईचा तळ काळा नाही, फोडणीचा वास नाही, मोरीत पाण्याचा थेंब नाही! मी विचारलं, "इथे मुलं रांधतात कधी?" तर म्हणे, सर करून दाखवतात, मुलं टिपून घेतात. मैत्रिणींनो, पोहणं काठावर बसून येतं का?

तेव्हापासून माझी प्रश्नांची यादीच तयार झाली. तुम्हीही घ्या. प्रात्यक्षिकाच्या वेळी एका शेगडीमागे मुलं किती? आठवड्यात किती तास हात चालतो? सामान मुलांना मिळतं की सहा जणांत एक बटाटा? दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक करायला लावतात का? पदवी कोणत्या विद्यापीठाची? फीमध्ये सुऱ्यांचा संच, गणवेश, सामानाचा खर्च धरलाय की तो नंतर निघणार? शिक्षकांपैकी प्रत्यक्ष हॉटेलात किती जणांनी काम केलंय? आणि 'शंभर टक्के नोकरी'चा फलक दिसला तर एवढंच विचारा, की मागच्या वर्षीच्या मुलांपैकी आज किती जण त्या नोकरीत टिकून आहेत? हे प्राचार्यांना नव्हे, फाटकापाशी चहा पीत उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात.

मुलगी असेल तर आणखी दोन गोष्टी. प्रशिक्षणाचे काही महिने मोठ्या हॉटेलात काढावे लागतात. ते हॉटेल संस्था मिळवून देते की मुलींनी स्वतः शोधायचं? पाळी रात्री बाराला संपली तर घरी पोचवण्याची सोय कोणाची? हे विचारताना संकोच करू नका. मी विचारलं तेव्हा एका ठिकाणी तोंड वाकडं झालं; दुसरीकडे बाईंनी शांतपणे नियमांचा कागद पुढे ठेवला. तो कागदच मला पुष्कळ काही सांगून गेला.

राहता राहिला मांसाहार. आमचं घर शाकाहारी. 2016 पासून अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या केंद्रीय संस्थांनी शाकाहारी स्वयंपाकाचा पर्याय दिला, हे मला कळलं तेव्हा हायसं वाटलं होतं. पण लेक म्हणाली, "आई, अर्धंच शिकू का?" मला वाटलं, सासूबाई आता देवघरात जाऊन बसतील. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीण होणारी मुलगी मढी फाडते, ती घरी येऊन आंघोळ करते ना? हीसुद्धा करेल." विषय तिथेच संपला.

शेवटी काय ठरलं? लेकीने प्रवेशपरीक्षा दिली, दादर हुकलं, गोवा मिळालं. सरकारी फी, त्यामुळे शिल्लक पुरली. शिवाय प्रशिक्षणाच्या महिन्यांसाठी थोडी उरलीही. पहिल्या सहामाहीत तिचा फोन आला, "आई, आज अकरा किलो कांदा चिरला. हाताला फोड आलेत." हे शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र बाजारातून हाताला लावायचं मलम आणून पार्सलच्या पिशवीत टाकलेलं मला दिसलं.

आपल्या नाशकात हॉटेलं वाढताहेत, द्राक्षबागांत पाहुण्यांची जेवणं होताहेत, 2027 चा सिंहस्थ आहेच. रांधणाऱ्या हाताला काम आहे. पण ते हात शिकलेले हवेत आणि शाळा पारखून घेतलेली हवी. तुमच्या घरी अशी लेक असेल, किंवा लेक मार्गी लागल्यावर तुम्हालाच चाळिशीत शिकावंसं वाटत असेल, तर फी भरण्याआधी एक करा. सकाळी अकराच्या सुमारास, प्रात्यक्षिक चालू असताना, न कळवता त्या शाळेत जा आणि दारात दोन मिनिटं उभ्या राहा. कांद्याने डोळे चुरचुरले, भांड्यांचा आवाज आला, कोणी कोणाला ओरडलं, तर बिनघोर अर्ज मागा.