अनोळखी कार्ड आणि घाण्याच्या ओव्या

जुनं पीसीआय टीव्ही ट्यूनर कार्ड. कंपनीचं नाव जाऊ दे, पण खोक्यातली सीडी विंडोज एक्सपीच्या पुढे यायला तयार नाही. म्हणून लिनक्स. त्याने कार्ड बघितलं आणि शेरा मारला, 'अनोळखी'. गंमत म्हणजे त्यावरची बीटी८७८ चिप त्याच्या चांगल्या ओळखीची! पण कार्ड कुठल्या जातीचं ते एका बारक्या ईप्रॉममधल्या क्रमांकावरून कळतं, आणि स्वस्त कार्डांवर ते ईप्रॉमच नसतं. मग ड्रायव्हरच्या यादीतला क्रमांक आपणच सांगायचा. यादीत दीडशेच्या वर कार्डं आहेत.

एवढा उपद्व्याप एका व्हीएचएस कॅसेटसाठी. आत्याच्या लग्नाची, १९९३ची. घाणा भरताना आजी ओव्या म्हणतेय. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तो जेलीफिनवर चढवला की पांगलेली भावंडं आपापल्या टीव्हीवर ऐकतील, असा बेत.

चित्र लगेच आलं. पाल, ७२० बाय ५७६. आजीचे ओठ हलतायत... आणि आवाज नाही.

कारण चित्र थेट चिपमध्ये जातं, त्यामुळे ते बहुतेक कार्डांवर सारखंच. आवाजाचा स्विच मात्र वेगळा, आणि तो चिपच्या कुठल्या पायांना जोडायचा हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवलेलं. चुकीचा क्रमांक म्हणजे स्विच भलतीकडे. कॅसेट झिजू नये म्हणून पुढचे प्रयोग जुन्या क्रिकेट मॅचवर केले. चार संध्याकाळी गेल्या, मिळाली फक्त खरखर.

शेवटी कार्डाकडे आवाज मागायचाच नाही असं ठरवलं. व्हीसीआरची लाल-पांढरी वायर सरळ साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये. आला! पण चित्राचं घड्याळ वेगळं, आवाजाचं वेगळं. तासाभराने चेंडू सीमापार गेल्यावर बॅटचा ठोका ऐकू यायचा. एफएफएमपेगने आवाज किंचित आकसून चित्राइतका केला, तेव्हा कुठे जमलं. (व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई २०१६ मध्ये थांबली. आमचा अजून चालतोय, नशीब.)

मग आजीची कॅसेट एकदाच लावली. मूळ फाइलही जपून ठेवली आहे.

आता नातेवाईक मंडळींना एक काम. तिसऱ्या ओवीत 'जात्या' नंतरचा शब्द कुणालाच लागत नाहीये. आत्या म्हणते माहेरच्या गावाचं नाव आहे, बाबा म्हणतात नाही. हेडफोन लावून ऐका आणि कळवा.