दिव्याच्या गावात

न्यू जर्सीतलं एडिसन म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो ओक ट्री रोड. किराणा, साड्या, दागिने, मिठाई, सगळं एका रस्त्यावर. शनिवारी दुपारी तिथे पार्किंग मिळालं तर लॉटरी लागल्याचा आनंद होतो! आमचं मराठी कानावर पडलं की किराणावाले गुजराती काका आवर्जून विचारतात, “कसा काय, बरा हाय ना?” भारतातून नुकत्याच आलेल्या आजी कोथिंबिरीच्या जुडीची किंमत मनातल्या मनात रुपयांत करतात आणि जुडी परत जागेवर ठेवतात. मागून सून ती गुपचूप ट्रॉलीत टाकते. अशा गमती बघत आम्ही आजवर कितीदा तरी आलो आणि पिशव्या भरून घरी गेलो.

ज्याच्या नावाचं हे गाव, त्याच्या दारी मात्र आम्ही यंदा पहिल्यांदाच गेलो. ओक ट्री रोडवरून गाडीनं काही मिनिटांवर, ख्रिस्टी स्ट्रीटवर, मेन्लो पार्कचं छोटंसं संग्रहालय आहे. टॉमस एडिसननं १८७६ साली इथे प्रयोगशाळा थाटली. १८७७ साली फोनोग्राफ आणि १८७९ साली विजेचा दिवा इथेच जन्माला आला. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला हे दिवे बघायला इतकी गर्दी लोटली, की रेल्वेनं जादा गाड्या सोडल्या. मूळ प्रयोगशाळा आता इथे नाही. हेन्री फोर्डनं १९२९ मध्ये ती मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला पुन्हा उभी केली. इथे आहे तो १९३८ साली लोकार्पण झालेला सुमारे १३० फुटी मनोरा आणि त्याच्या डोक्यावर काचेचा प्रचंड दिवा. गावाला एडिसनचं नाव मिळालं ते १९५४ मध्ये.

बरोबर बाबा होते. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. ऐकू जवळजवळ येत नाही. कानातलं यंत्र दोनदा लावून पाहिलं, “नुसता गोंगाट मोठा होतो,” म्हणाले आणि डबीत ठेवून दिलं. मग आम्ही चिठ्ठ्या लिहायला लागलो. ‘जेवायला चला.’ ‘गोळी घेतली का?’ चिठ्ठीवर कामाचंच तेवढं लिहिलं जातं. गप्पा काही होत नाहीत. बाबा दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. त्यांना परत साताऱ्याला जायचं असेल का, हे विचारायचंही आम्हां दोघांना धैर्य होईना.

संग्रहालयातल्या बाईंनी मोठ्या रसाळपणे माहिती सांगितली. एडिसनला लहानपणापासून कमी ऐकू येई. तरुणपणी त्यानं तारयंत्रावर नोकरी केली, आणि पुढे स्वतःच्या पहिल्या दोन मुलांना लाडानं हाक मारायचा ‘डॉट’ आणि ‘डॅश’! आम्ही हसलो. बाबा नुसतेच आमच्या तोंडाकडे बघत राहिले.

गाडीत बसल्यावर आम्ही ते सगळं चिठ्ठीवर लिहून त्यांना दिलं. बाबांची उभी नोकरी तार ऑफिसातली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि खो खो हसले. किती महिन्यांनी ऐकलं ते हसणं! मग शेजारी बसलेल्या नातीचा हात ओढून तिच्या तळव्यावर बोटानं ठोकायला लागले. छोटा ठोका म्हणजे डॉट, जरा दाबून धरला की डॅश.

पोरीला तेवढंच हवं होतं. पहिला शब्द शिकली तो ‘टी’, म्हणजे चहा. मोर्सच्या लिपीत याच्याइतका सुटसुटीत शब्द शोधून सापडायचा नाही. टी म्हणजे एक डॅश, ई म्हणजे एक डॉट, ए म्हणजे डॉट आणि डॅश. चार ठोक्यांत चहा तयार!

आता रोज शाळेतून आली की ती आधी आजोबांच्या तळव्यावर चार ठोके देते. बाबा उलट तीन देतात: डॉट, डॅश, डॉट. हा आर, तारवाल्यांच्या भाषेत ‘निरोप पोचला’. नंतर दोघांचं बरंच काय काय चालतं. मध्येच दोघं हसतात. कशाला, ते आम्हांला सांगत नाहीत. स्वयंपाकघरात आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतो.

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. बाबांना त्याचं फार वाईट वाटलं होतं. परवा त्यांनी स्वतःहून आम्हांला चिठ्ठी लिहून दिली: ‘आमच्या ऑफिसची एक शाखा अजून चालू आहे. कामाचा ताण फार. रजा मिळणं कठीण.’

साताऱ्याचं विचारायचं आता आम्ही सोडून दिलं आहे.