फ्री नसलेली सायकल

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले. तेथील वेलोड्रोमवर ज्या सायकली धावतात, त्यांच्या मागच्या चाकाला फ्री नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरतेच. पाय स्वस्थ ठेवण्याची सोय नाही. पायडल उलटे मारले, की सायकल मागे जाते!

याच जातीच्या, पण कसरतींसाठी मजबूत केलेल्या सायकलीची जुनी फ्रेम मी सांगलीत घेतली. सुट्टीत उसाच्या रानात मिळवलेली मजुरी तिच्यात गेली. ती एस.टी.ने साताऱ्याला आणली, तेव्हा आबांनी विचारले, "आन् चाकं?" ती जमवायला सहा महिने लागले. पुढचा ब्रेकही लावून घेतला.

सांगली-मिरजेच्या सपाटीवर हिचे काही वाटत नाही. खरी गाठ पडते यवतेश्वरच्या घाटात. मित्रांच्या सायकली उतारावर आपोआप पळतात. मला मात्र पायांनी चाक आवरत, घाम गाळत उतरावे लागते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हे पैसे पुस्तकांना का घातले नाहीस, असे आबा विचारतील ही धास्ती होती. पण घाटातली हकीकत ऐकून ते एवढेच म्हणाले, "हिला आयतं काय मिळत नाय. आपल्याच घरातली हाय."