ग्रहण आणि सोनोग्राफी

धुळ्याच्या लग्नाला सूनबाई आलीच पाहिजे, हा हट्ट माझा होता. डिसेंबर २०२३ ची गोष्ट. तिला अठरा आठवडे पूर्ण झाले होते आणि जळगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिले होते : अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान ॲनॉमली स्कॅन. मी म्हटले, सोनोग्राफी तर दोनदा झाली आहे, आता लग्न आटोपले की जाऊ. लग्न झाले, पारोळा-एरंडोलमार्गे आम्ही घरी परतलो, आहेराच्या साड्या कपाटात लागल्या, आणि तपासणीच्या खोलीत पोचलो तेव्हा विसावा आठवडा उलटून दोन दिवस झाले होते. डाळमिलच्या उधारीवर दिवसाचे व्याज मोजणारी आम्ही माणसे. या दोन दिवसांचा हिशेब मला तेव्हा सुचला नाही.

दारावर नेहमीची पाटी होती : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आत शिरण्यापूर्वी कायद्याचा फॉर्म भरून सही करावी लागली. खरे सांगायचे तर आपल्याकडे सोनोग्राफी हा शब्दच त्या एका पापामुळे डागाळला. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, त्याविरुद्ध कायदा केला. तरी २०११ च्या जनगणनेत लहान मुलींचे प्रमाण चिंताजनक ठरलेल्या जिल्ह्यांत आपला जळगाव होताच. त्यामुळे हे यंत्र कशासाठी आहे, हे घरातल्या बायकांना कोणी नीट सांगितलेच नाही. मलाही ते त्या दिवशीच समजले.

डॉक्टर जवळजवळ पाऊण तास पाहत होत्या. मेंदूतील पोकळ्या, पाठीचा कणा मणक्यामागून मणका, हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या रक्तवाहिन्या, जठर, मूत्रपिंडे, हातापायांची हाडे, वारेची जागा. एवढे सारे त्या टीचभर देहात असते! चेहऱ्यापाशी येऊन त्यांचा हात थांबला. त्यांनी सुनेला कूस बदलायला सांगितले, थोडे चालून यायला सांगितले, पुन्हा पाहिले. मग शांतपणे म्हणाल्या, “बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूला दुभंगलेला दिसतो आहे.”

घरी बातमी पोचताच भुवाजींनी निकाल देऊन टाकला. शरद पौर्णिमेच्या रात्री, २८ ऑक्टोबरला, चंद्रग्रहण होते; त्या दिवशी वेध लागल्यावर सुनेने सुरी हातात धरली होती. ग्रहणात चिरले की बाळाचा ओठ चिरतो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. सून काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतले. ग्रहण लागले रात्री एकनंतर. आमच्या घरी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेतले जात नाही, तेथे एक वाजता कोण काय चिरणार? पण हे मला त्या क्षणी सुचले नाही, आणि सुचले असते तरी बोलले असते की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुनेसमोरच उलगडून सांगितले. ओठाचे दोन्ही भाग एकत्र सांधण्याचे काम गर्भारपणाच्या नवव्या आठवड्याच्या सुमारास पुरे होते. ग्रहणाच्या दिवशी तिला तेरा आठवडे झाले होते. जे घडायचे राहिले ते ग्रहणाच्या महिनाभर आधीच राहिले होते. सुनेने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

मात्र प्रश्न तेवढ्यावर संपत नव्हता. दुभंगलेला ओठ एकटाच असेल तर तो शस्त्रक्रियेने सुधारतो. क्वचित त्याच्या जोडीला हृदयाचा किंवा गुणसूत्रांचा दोष असतो, आणि मग सारेच बदलते. म्हणून बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी, आणि हवी असल्यास गर्भजलाची. गर्भजलाच्या संपूर्ण अहवालास दोन-तीन आठवडे लागतात. मी बोटांवर मोजले : अहवाल येईपर्यंत चोविसावा आठवडा उंबऱ्याशी येणार होता.

चोविसाव्या आठवड्याचा अर्थ मला वर्तमानपत्रांमुळे ठाऊक होता. २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता यांना चोविसाव्या आठवड्यात कळले की गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आहे. तेव्हा कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची. त्या पती-पत्नी आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. ४ ऑगस्टला न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि त्याच महिन्यात तो गर्भ आपोआप गेला. पुढे २०२१ साली कायदा बदलला. आता अशा दोषात दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि दोष फारच गंभीर असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही मार्ग आहे. पण मंडळापुढे उभे राहणे म्हणजे काय, ते त्या मातेलाच विचारावे.

त्या आठवड्यात घरात फोन येत राहिले. एका जवळच्या नातलगाने आवाज खाली करून सांगितले, “अजून वेळ आहे, गाजावाजा न करता मोकळी करून आणा. धाकटीचे सगपण व्हायचे आहे.” ज्यांच्या घरी बटाटा शिजत नाही, त्या घरचा हा सल्ला. मला राग यायला हवा होता. एक अख्खी रात्र मी त्यावर विचार करीत जागी होते, हे येथे लिहिताना हात जड होतो.

त्या रात्री धुळ्याच्या जाऊबाई आठवल्या. १९८६ साल. गोदभराई थाटात झाली, नऊ महिने भरले, आणि जन्मलेल्या बाळाच्या डोक्याची कवटीच घडलेली नव्हती. तासाभराचे आयुष्य. लंडनच्या डॉ. स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १९७२ मध्येच असा दोष सतराव्या आठवड्यात यंत्रावर ओळखला होता. आमच्यापर्यंत ते पोचायचे होते. गर्भ राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने असे दोष पुष्कळ टळतात, हेही तेव्हा कोणाला माहीत नव्हते. जाऊबाईंना मात्र वर्षानुवर्षे ‘तिने काहीतरी खाल्ले असेल’ असे ऐकावे लागले. ऐकवणाऱ्यांत मी होते.

हृदय निर्दोष निघाले. गर्भजलाचा अहवाल चोविसावा आठवडा पुरा होण्याच्या आदल्या दिवशी आला. गुणसूत्रेही ठीक होती. लग्नासाठी पुढे ढकललेले ते दिवस मला तेव्हा खरे समजले. अहवाल वेगळा असता तर माझ्या सुनेला विचार करायला एक रात्र मिळाली असती.

पुढचे महिने तयारीत गेले. टाळू शाबूत आहे की नाही हे सोनोग्राफीत खात्रीने दिसत नाही, म्हणून दूध पाजण्याची खास बाटली आणून ठेवली, बाळाला उभे धरून कसे पाजायचे ते दोघींनी शिकून घेतले, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटलो. एप्रिल २०२४ च्या अखेरीस नात झाली. टाळू शाबूत होती. ऑगस्टमध्ये, पर्युषणाच्या आधी, चौथ्या महिन्यात ओठ शिवला गेला. आज हसली की एक बारीक रेघ दिसते, एवढेच.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर मी सुनेपुढे हात जोडले. लग्नाचे दिवस आणि ती एक रात्र, दोन्ही तिला सांगितले. ती बराच वेळ नातीचे दुपटे घडी करीत राहिली. मग म्हणाली, “मम्मी, धुळ्याला भुवाजींना फोन करा. त्यांच्या नातसुनेला सतरावा आठवडा लागला आहे. तपासणीची तारीख आजच घ्यायला सांगा.”