मंद्रूपचा रस्ता आणि कामाचा हिशोब

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले की सोरेगाव, हत्तूर मागे पडते, वडकबाळला सीना नदीचा पूल लागतो आणि पुढे मंद्रूप येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे मोठे गाव शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर आहे. काळी जमीन, ज्वारी, तूर, पाणी असेल तेथे ऊस. मराठीबरोबर कन्नडही येथे सहज कानावर पडते. मध्यंतरी एका रविवारी आम्ही तिघे कार्यकर्ते येथे गेलो आणि वस्तीत बसून पोराबाळांच्या कामाचा विषय काढला.

"घरात कुणी बेकार आहे का?" या प्रश्नाला बहुतेक घरांतून "नाही" असे उत्तर आले. कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी शेतात, कुणी हंगामापुरता साखर कारखान्यावर. "वर्षातून किती दिवस?" असे विचारताच मात्र माणसे बोटे मोजू लागली. बी.ए. झालेला एक मुलगा म्हणाला, "काका, सोलापूरला जाऊन काय करू? तिथलीच पोरं पुण्याला निघालीत."

हेच सोलापूर एकेकाळी खेड्यांना पोसत होते. वस्तीतल्या एका आजोबांचे चुलते जुन्या गिरणीत बदली कामगार होते. १८७७ साली सुरू झालेली ही गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. कापडाचे उत्पादन घटले आणि लोक मोठ्या प्रमाणात बेकार झाले, ही कारणे त्यात नमूद होती. त्या वेळी देशाचे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले आणि डिसेंबर १९५३ मध्ये निकाल सरकारच्या विरोधात गेला. तरीही एका गिरणीतील बेकारी हा साऱ्या देशाचा प्रश्न मानला गेला होता, हे विसरता येत नाही.

साठच्या दशकात ती गिरणी कायमची थांबली. १९९५ साली लक्ष्मी-विष्णू मिलही बंद झाली. गिरणीतल्या कायम कामगाराला हजेरी होती, प्रॉव्हिडंट फंड होता, ग्रॅच्युइटी होती. यंत्रमागावर नगावर मजुरी, विडीला हजारावर मजुरी. माय-बहिणी घरी बसून विड्या वळतात, पण हात थांबले की चूल थांबते. याच तालुक्यात फताटेवाडीला १३२० मेगावॅटचे वीज केंद्र उभे राहिले. २०१७ आणि २०१९ मध्ये त्याचे दोन संच सुरू झाले. असे केंद्र बांधताना हजारो हात लागतात, चालवायला मात्र थोडे आणि तंत्रशिक्षण घेतलेले लागतात.

आता कागदावरचा हिशोब पाहा. सरकारी श्रमशक्ती पाहणीनुसार देशातील १५ वर्षे व त्यावरील लोकांतील बेकारी २०१७-१८ मध्ये ६ टक्के होती, ती २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाली. परंतु या मोजणीत वर्षातून ३० दिवस काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. आमच्या त्या मुलाने महिनाभर माती उचलली की तो बेकार राहत नाही. मग त्याचे उरलेले अकरा महिने कुणी मोजायचे?

ते आपणच मोजले पाहिजेत. प्रत्येक वस्तीतील मंडळाने एक वही घालावी. कामाचे दिवस किती, मजुरी किती, हजेरी कुठे लागते, फंड कापला जातो का, शिक्षण किती, एवढेच प्रश्न घरोघरी विचारावेत. बायाबापड्यांचे घरबसल्या कामही त्यात लिहावे. ही वही घेऊन ग्रामसभेत आणि तहसील कचेरीत उभे राहावे. तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते. नोंद पुढे केली तर तिला उत्तर द्यावे लागते, हा आम्हा कारकुनांचा रोजचा अनुभव आहे. मंद्रूपच्या चार तरुणांनी ही वही घालण्याचे कबूल केले आहे. इतर गावांतील बांधवांनीही मनावर घ्यावे.